खपल्यांचा कडा

माझे साडू माणूस म्हणून जरा तरी वाईट असते, तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. दारू पीत असते, बायकोवर ओरडत असते, निदान नेलेली छत्री परत द्यायला विसरत असते, तरी चाललं असतं. पण त्यांचं सगळंच उलट. माझी छत्री नेतात आणि तिची मोडलेली काडी बसवून परत आणून देतात. अशा माणसाचा हेवा करायला फार मेहनत पडते. गेली बारा वर्षं मी ती इमानेइतबारे करतो आहे.

गोदीत त्यांना सगळे 'खरवड्या' म्हणतात, कारण त्यांचं काम तेच. वर्षातून एकदा प्रत्येक होडी पाण्याबाहेर ओढून काढतात, टेकू लावून उभी करतात, आणि मग हे तिच्या बुडाखाली शिरून लोखंडी पट्टीने जुना रंग खरवडतात, भेगा बुजवतात, नवा रंग चढवतात. पंधराव्या वर्षी या कामाला लागले, आता पन्नाशी उलटली. गुडघे गेलेत, पण डोक्यावरचे केस सगळे शाबूत. (माझे गुडघे उत्तम आहेत. केसांबद्दल न बोललेलं बरं.) लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांच्या नखांत निळा रंग होता आणि माझ्या सासूबाईंनी तो लिंबाची फोड घेऊन घासला होता, हे माझी बायको अजून पोट धरून हसत सांगते. आमच्या लग्नात कुणी काय घासलं, ते तिला आठवत नाही.

आयुष्य होड्यांत गेलं, पण हा माणूस होडीत बसत नाही. लोकांना बस लागते तशी त्यांना होडी लागते. एकदा पलीकडच्या काठाला जायला निघाले आणि धक्का सुटायच्या आत पोटातलं सगळं बाहेर काढून उतरले. समुद्र त्यांनी पाहिला तो होड्यांच्या बुडाखाली उकिडवं बसून, दोन टेकूंच्या मधल्या फटीतून. मी मात्र समुद्र रीतसर पाहिलेला. मी चित्रकलेचा शिक्षक आहे.

शाळेत माझा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी मागून घ्यायचा तास. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण माझं खरं काम रविवारी चालायचं. टेकाडावर एक बाक आहे. तिथून डावीकडे कडा दिसतो, त्याच्या पायथ्याशी एक गुहा आहे. उजवीकडे धक्का आणि धक्क्याला लागलेली लोखंडी शिडी. मधे सगळा समुद्र. सव्वीस वर्षं मी दर रविवारी तिथे कॅनव्हास लावला. एका रविवारात एक चित्र, हा माझा नियम. सकाळी आठला डाव्या कडेने सुरुवात करायची, मधे डबा खायचा, आणि दोन वाजता उजव्या कडेला पोचायचं. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडेच जावं, म्हणजे शर्टाची बाही ओल्या रंगात जात नाही. हे मी मुलांनाही शिकवतो. बाकी काही नाही तरी एवढं त्यांच्या लक्षात राहतं.

कधीकधी साडू थर्मासमधून चहा घेऊन यायचे आणि मागे गवतावर बसायचे. बोलायचे नाहीत. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी मात्र ते माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, जवळ गेले, मागे आले, आणि म्हणाले, "मास्तर, हे मला द्याल का?"

मी मोठ्या मनाने दिलं. त्यांनी ते गोदीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीत रंगाच्या डब्यांवर टांगलं. आमच्या साडूंना चित्रातलं कळत नाही, पण आवड आहे, असं मी त्या आठवड्यात चार जणांना सांगितलं.

पुढच्याच महिन्यात ते जेवायला आले ते रुमालात काहीतरी बांधून. गोदीत 'थोरली' नावाची एक लाकडी फेरीबोट होती. तिचा रंग कुणी लाकडापर्यंत कधी खरवडलाच नव्हता. चाळीस वर्षं रंगावर रंग चढत गेला होता, आणि आता अंगठ्याएवढ्या जाड खपल्या सुटून येत होत्या. तसली एक खपली त्यांनी करवतीने मधोमध कापली होती. कापलेल्या बाजूला एकावर एक थर होते. पांढरा, शेंदरी, हिरवा, पिवळट, पुन्हा पांढरा, मग निळ्याच्या सात-आठ छटा.

"बघा," ते म्हणाले. "आपला कडाच की नाही?"

कडाच होता. मी सव्वीस वर्षांत (तेव्हा चौदा) ज्या कड्यातले थर मिसळून मिसळून आणायला बघत होतो, ते त्यांच्या तळहातावर आयते पडले होते. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती त्या जेवणापासून. बायकोने जेवणात काही कमी-जास्त झालं का म्हणून विचारलंसुद्धा.

मग ते करायलाच लागले. होडीच्या जुन्या झाकणाची फळी घ्यायची, तिच्यावर कापलेल्या खपल्या उभ्या चिकटवून कडा उभारायचा. समुद्र मात्र ते रंगवायचे नाहीत. निळ्या थरांच्या खपल्या खाली आडव्या चिकटवायच्या आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत राहायचं. कमी घासलं की वरचा निळा राहतो, जास्त घासलं की त्याच्या खालचा उघडा पडतो. त्याच्याखाली कुठे राखाडी, कुठे पांढरा. घासता घासता लाटा दिसायला लागतात. आणि एकदा घासलेलं परत येत नाही. आज हात फिरवला की कालचा समुद्र गेला. मी विचारलं, "मग चित्र पुरं झालं हे कळतं कसं?" तर म्हणाले, "पुरं कशाला व्हायला पाहिजे?"

मला भयंकर राग आला. चिडून मी तीन रविवार जास्तच निळा वापरला.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी असा एक कडा आम्हाला दिला. दीड हात लांब, थोरलीच्या उत्तम खपल्यांचा. नाही म्हणायची सोय नव्हती. मी तो स्वयंपाकघरात लावला, सिंकच्या बाजूला, जिथे ओलीने भिंतीचा पोपडा निघाला होता. हेतू हा, की डागही झाकला जाईल आणि दिवाणखान्यात माझी चित्रं निवांत राहतील. झालं भलतंच. येणारा-जाणारा पाणी प्यायला म्हणून आत जायचा आणि आतच राहायचा. साडू जेवायला आले की हात धुता धुता खिशातला पॉलिश पेपरचा तुकडा नळाखाली धरायचे आणि दोन मिनिटं समुद्र घासायचे. दुसऱ्या दिवशी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, आज पाणी खवळल्यासारखं वाटतंय ना?"

"मला काही वाटत नाही," मी म्हणायचो. वाटायचं. कधी सकाळी ती उठायच्या आत जाऊन मी ते बघायचो आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. माझ्या दिवाणखान्यातला समुद्र सव्वीस वर्षं होता तसाच होता. त्याच्याकडे बघून 'आज' असं कुणी कधी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी फेरीच्या धक्क्यावर नवा प्रतीक्षागृहाचा हॉल झाला. तिकिटाच्या खिडक्यांसमोर एक अख्खी भिंत मोकळी, आणि तिच्यावर एकच चित्र लावायचं ठरलं. रोज शेकडो माणसं त्या भिंतीकडे तोंड करून बसणार होती, कारण बाकंच तशी होती. मला ती भिंत हवी होती. नोकरीची दोन वर्षं राहिली होती, माझ्या चित्रांनी घर भरलं होतं, आणि घराबाहेर माझं एकच चित्र लागलेलं होतं, ते रंगाच्या डब्यांवर. फेरीच्या मॅनेजरबाई माझ्याच शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी. "सर, तुमचंच लावायचं," असं त्या आधीच म्हणाल्या होत्या. निवड करायला त्या घरी आल्या. मी चार फुटी चित्र पुसून ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं, छान म्हणाल्या, आणि पाणी मागितलं. बायको आणायला उठली तर म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी घेते."

मी मनात म्हटलं, संपलं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. ग्लास तसाच भरलेला.

"आतलं कुणाचं आहे?"

"माझ्या भावोजींचं!" माझी बायको म्हणाली. सव्वीस वर्षांत माझ्या चित्रांबद्दल बोलताना तिचा आवाज एवढा वर गेलेला मला आठवत नाही.

चार दिवसांनी बाईंचं पत्र आलं. दोन्ही चित्रं आवडली आहेत, स्वयंपाकघरातलं जरा जास्तच, पण ते होडीच्या टाकाऊ रंगाचं आहे, तर हॉलच्या खाऱ्या हवेत टिकेल का, एवढं आपण जाणकार म्हणून लिहून कळवावं. निर्णय त्यावर घेऊ. आपला अभिप्राय निःपक्षपाती असेल, याची खात्री आहे.

ते शब्द मी तीनदा वाचले. मग शाळेचा कागद घेतला आणि लिहिलं, की सदर कलाकृती सुट्या खपल्यांची असल्याने खाऱ्या हवेत तिचा टिकाव लागणार नाही. जो रंग चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात बुडून राहिला, तो खाऱ्या हवेत टिकणार नाही, असं मी लिहिलं. हे खोटं आहे, हे लिहिताना मला चांगलं ठाऊक होतं. खाली सही केली आणि वर शाळेचा शिक्का मारला. शिक्का पुसट उठला, म्हणून दुसऱ्यांदा मारला.

भिंत मला मिळाली. ती रंगवायचं काम साडूंना मिळालं, आणि ते रंगांच्या पट्ट्या घेऊन माझ्याकडे आले. "तुमच्या चित्राला कुठला उठाव देईल, मास्तर?" पत्राबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी समजलो, त्यांना माहीत नसणार. मी करडा सुचवला. त्यांनी त्यात काय मिसळलं कोण जाणे, उद्घाटनाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलेल्या पहिल्या दोन माणसांनी "भिंत काय सुरेख झालीय!" असं म्हटलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मी नवा शर्ट घालून चित्राच्या बाजूला उभा राहिलो.

फेरीवरचे खलाशी आले. चित्रासमोर थांबले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मग सगळेच तोंडावर हात घेऊन हसायला लागले. तिकिटाच्या खिडकीतले एक म्हातारे कारकून न राहवून बाहेर आले.

"काय झालं हसायला?" मी विचारलं.

"काही नाही हो मास्तर," त्यातला एक म्हणाला. "एवढंच, की आमची बोट तुमच्या समुद्रात घातली तर डावीकडे जाताना चढ लागेल!"

कारकुनांनी मला हाताला धरून जवळ नेलं आणि हळू आवाजात समजावलं. "हे बघा, तुमच्या गुहेत पाणी भरलंय. म्हणजे भरती. भरतीला शिडीची एकच पायरी वर राहते. तुम्ही इकडे सात काढल्यात. म्हणजे ओहोटी. एकाच पाण्याला दोन उंच्या कशा असतील?"

मी बघितलं. सातच होत्या. मी एकही खोटी काढली नव्हती. सकाळी आठला गुहा भरलेली होती आणि दुपारी दोनला शिडी उघडी पडली होती. मधल्या सहा तासांत समुद्र उतरला होता, आणि मी डबा खात होतो. सव्वीस वर्षं समुद्राकडे टक लावून बघणाऱ्या माणसाला भरती-ओहोटी समजली नव्हती. घरातली बाकीची चित्रं डोळ्यासमोरून सरकली. क्वचित एखादं योगायोगाने जुळलेलं, बाकी सगळे समुद्र कुठे ना कुठे कललेले. आणि गोदीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

तेवढ्यात साडू गुडघ्यावर हात टेकत बाकावरून उठले.

"काय दात काढताय रे?" ते खलाशांना म्हणाले. "मुद्दाम केलंय ते. सकाळ आणि दुपार एकाच चित्रात घातलीय. अख्खा दिवस आहे तो, एका वेळचा फोटो नाही. तुम्ही रोज जाता-येता, तुम्हाला एवढं दिसू नये?"

हसणं थांबलं. खलाशी पुन्हा चित्राकडे वळले, आणि या वेळी नीट बघायला लागले. कारकुनांनी चष्मा पुसला. "असं होय," म्हणाले. मग साडू माझ्याकडे वळले. "सांगा की त्यांना, मास्तर. मुद्दामच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "मुद्दामच."

ते खूश झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला दिलेल्या चित्रातही तसंच आहे. त्या दिवशी मी ते मागितलं ना, ते त्याच्यासाठीच. म्हटलं, हा माणूस एका वेळेखाली दुसरी वेळ ठेवतो. मग थोरलीची खपली फुटली आणि आत बघतो तर तेच. एका वर्षाखाली दुसरं वर्ष. तुमचं बघितलं नसतं, तर मी ती झाडूने लोटून दिली असती."

बारा वर्षं ज्याचा मी हेवा केला, ते माझ्याच चुकीतून निघालं होतं. माझं सर्वांत चांगलं चित्र साडूंच्या डोक्यात होतं, आणि ते मी काढलेलं नव्हतं. मला त्या चित्राचाही हेवा वाटला.

"आता पुढचं काय करताय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"आता नाही करत," ते म्हणाले. "बाईंनी तुमचं पत्र दाखवलं मला. तुम्हीच टिकणार नाही म्हणालात, म्हणजे संपलंच ना. थोरलीच्या खपल्यांचे तीन डबे होते, ते मी कचऱ्याच्या गाडीत दिले. थोरलीही भंगारात गेली. नव्या होड्या सगळ्या फायबरच्या, त्यांच्यावर रंगाचे थर साचतच नाहीत." हे सगळं ते अगदी साधेपणाने सांगत होते. "राग नाही हं. तुम्ही खरं ते लिहिलंत. खोट्या आशेवर किती दिवस घासणार?"

उद्घाटनाचा पेढा कुणीतरी माझ्या हातात ठेवला होता, तो तसाच हातात राहिला. चाळीस वर्षांचे थर कचऱ्यात गेले होते, आणि त्यांच्यावर माझ्या शाळेचा शिक्का होता. दोनदा मारलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा बुडवली आणि गोदीत गेलो. ते एका होडीखाली उकिडवे बसून पट्टी चालवत होते. मी वाकून सांगितलं, "ते टिकतं. टिकतं हे मला माहीत होतं. मला भिंत हवी होती, म्हणून खोटं लिहिलं."

पट्टी थांबली.

"तीन डबे होते, मास्तर," ते म्हणाले, आणि पुन्हा खरवडायला लागले. मी अर्धा तास उभा होतो. त्यांनी 'जा' म्हटलं नाही आणि 'बसा'ही म्हटलं नाही.

मी बाईंना दुसरं पत्र लिहिलं, शाळेच्याच कागदावर, त्याच शिक्क्याचं. पहिलं का लिहिलं तेही त्यात लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कड्यासमोर उभी राहिली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. साडू दोन महिने जेवायला आले नाहीत. माझी छत्री त्यांच्याकडेच होती, ती त्यांनी शेजाऱ्याच्या हाती पाठवली. नीट घडी घालून.

शेवटी आमच्या सिंकच्या बाजूचा कडा निघाला आणि हॉलच्या भिंतीवर गेला. त्यांच्या रंगाच्या भिंतीवर त्यांचाच कडा, दुसरं काही तिथे शोभलंच नसतं. माझं चित्र आता सामानाच्या खोलीत आहे. आमच्या स्वयंपाकघरात पोपडा पुन्हा दिसतो, आणि बायको त्याच्यावर काही लावू देत नाही.

लावायच्या दिवशी साडू आले होते. पितळी पट्टीवर काय लिहायचं, असं बाईंनी विचारलं. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "खाली लिहा, मास्तरांच्या चित्रावरून सुचलेलं."

"अहो, कशाला?" मी म्हटलं.

"खरं आहे ते लिहायचं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

आता रविवारी मी टेकाडावर जात नाही. हॉलमध्ये बाकावर बसतो. खलाशी मला मान देऊन वाट देतात. कारकून नव्या माणसांना पट्टी दाखवतात, मग माझ्याकडे बोट करतात. महिन्यातून एकदा साडू पॉलिश पेपर घेऊन येतात आणि दोन मिनिटं समुद्र घासतात. सगळा हॉल बोटीची वेळ विसरून बघत राहतो, आणि माझ्या पोटात अजून तसंच दुखतं. त्या पट्टीवर माझी एक ओळ आहे. तेवढीच माझी आहे.

शर्टाची बाही वाचवताना ती सकाळ-दुपार एका चित्रात आली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.